जुन्या पेट्रोल गाडीचा ऑक्सिजन सेन्सर घरी बदलताना

पहिला ऑक्सिजन सेन्सर मी बदलला तो गरज नसताना. घरची गाडी बारा वर्षं जुनी. अ‍ॅव्हरेज सोळावरून बारावर आलं होतं, सिग्नलला उभी असताना गाडी थरथरायची आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा अधूनमधून लागायचा. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, ‘मिश्रण पातळ’ (म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी) असा कोड निघाला आणि निदान झालं : सेन्सर गेला. मी नवा आणला, दोन रविवार खपून बसवला. चौथ्या दिवशी दिवा परत लागला. खरा दोष एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाच्या, गॅस्केटला पडलेल्या बारीक चिरेत होता. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि सेन्सर तेवढंच सांगत होता.

तेव्हापासून कुणी सेन्सर बदलायचा कसा असं विचारलं, की मी आधी विचारतो, तो गेलाय हे कशावरून ठरवलं? या लेखाचा बराचसा भाग त्या प्रश्नासाठी आहे. प्रत्यक्ष काढणं आणि बसवणं नवख्या माणसालाही एका सुट्टीच्या सकाळी जमतं.

इथलं वर्णन साधारण २००० ते २०१५ या काळातल्या, म्हणजे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारण्याची पद्धत) आल्यानंतरच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना लागू पडतं : अल्टो, वॅगन आर, सँट्रो, एमपीएफआय मारुती ८०० वगैरे. सीएनजी किट बसवलेल्या गाड्याही यातच आल्या. आपल्याकडच्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हा सेन्सर सहसा नसतोच.

सेन्सरला काय दिसतं

जुने फिटर याला ‘लॅम्डा’ म्हणतात. बॉश कंपनीनं तो तयार केला आणि १९७६ साली व्होल्वोच्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत तो पहिल्यांदा आला. शिशाचं पेट्रोल या सेन्सरला आणि धूर कमी विषारी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, दोघांनाही मारक असतं. मुंबईसह चार महानगरांत १९९५ मध्ये नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा त्यासोबत तिथे शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं. देशभर ते फेब्रुवारी २००० पासून मिळू लागलं.

सेन्सरच्या टोकाशी छिद्रांच्या धातूच्या टोपीखाली झिर्कोनिया या सिरॅमिकचा तुकडा असतो आणि त्यावर प्लॅटिनमचा पातळ थर. एका बाजूला सायलेन्सरकडे जाणारा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. तापमान सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं, की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकाप्रमाणे त्यात छोटा व्होल्टेज तयार होतो. धुरात ऑक्सिजन जवळपास नसेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, भरपूर असेल तर ०.१ च्या आसपास. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे पेट्रोल पुरतं जळण्याचं प्रमाण. त्या ठिकाणी व्होल्टेज ०.४५ च्या दोन्ही बाजूंना झपझप हेलकावे घेत राहतो. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, ते हेलकावे बघून इंजेक्टर किती वेळ उघडायचे हे ठरवतो. तापायला वेळ लागू नये म्हणून नंतरच्या सेन्सरांत आत छोटा हीटर आला. त्यामुळेच सेन्सरला एक, तीन किंवा चार वायरी दिसतात.

यातली एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही. त्याला फक्त ऑक्सिजन दिसतो. समजा एका सिलिंडरचा स्पार्क प्लग नीट पेटत नाही. त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर जातं, पण त्याच्यासोबत न वापरलेला ऑक्सिजनही जातो. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, तो ‘मिश्रण पातळ आहे’ असं कळवतो, आणि ईसीएम सगळ्याच सिलिंडरना आणखी पेट्रोल पाजतो. गाडी पेट्रोल पिते, प्लग काळे पडतात, पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड जास्त येतो, आणि ठपका सेन्सरवर बसतो. दोष दोनशे-तीनशे रुपयांच्या प्लगचा असतो.

विकत घेण्याआधीची तपासणी

आधी डोळ्यांनी बघा. बॉनेट उघडून सेन्सरची वायर टोकापासून कनेक्टरपर्यंत हातानं चाचपा. पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. ‘सेन्सर गेला’ म्हणून आलेल्या मित्राच्या गाडीत मला फक्त दोन कुरतडलेल्या वायरी सापडल्या होत्या. क्लिप तुटून वायर मॅनिफोल्डला टेकली आणि वितळली, हेही बऱ्याचदा दिसतं. कनेक्टर काढून आतल्या पिना हिरव्या पडल्यात का ते बघा. समुद्राच्या बाजूला राहत असाल तर हे आधी बघा.

मग थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डजवळ कान द्या. ‘फट फट’ किंवा ‘टिक टिक’ असा आवाज येत असेल आणि इंजिन तापल्यावर तो कमी होत असेल, तर सेन्सरच्या आधी कुठेतरी एक्झॉस्ट गळतोय. माझ्या गाडीत हेच होतं. गळती सेन्सरच्या मागे, सायलेन्सरच्या शेवटाकडे असेल तर तिचा या सेन्सरवर तसा परिणाम होत नाही. त्यानंतर इनटेककडचे, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या बाजूचे, रबरी व्हॅक्यूम पाइप वाकवून बघा, जुन्या रबराला चिरा असतात. एअर फिल्टर आणि प्लग बघा. हे सगळं बिनखर्चाचं आहे.

स्कॅनर असेल तर कोड वाचा. आपल्याकडे २०१३ नंतरच्या गाड्यांत स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल बहुतेकदा चालतो. २०१० च्या आधीच्या कित्येक गाड्या त्याला उत्तर देत नाहीत, तिथे कंपनीचा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्येच जावं लागतं. कोड कसे वाचायचे? पी०१३५ म्हणजे पहिल्या (कन्व्हर्टरच्या आधीच्या) सेन्सरच्या हीटरचं सर्किट. इथे सेन्सर खरंच गेलेला असू शकतो, पण आधी फ्यूज बघा. पी०१३३ म्हणजे सेन्सर सावकाश प्रतिसाद देतोय. जुन्या गाडीत हा कोड आला आणि एक्झॉस्ट कुठे गळत नसेल, तर सेन्सर म्हातारा झालाय असं समजायला हरकत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०१७२ म्हणजे गडद (पेट्रोल जास्त), आणि या दोघांवरून सेन्सर कधीच बदलू नका. ते सेन्सरनं दिलेले निरोप आहेत, सेन्सरविरुद्धची तक्रार नाही. पी०१३६ ते पी०१४१ हे कोड कन्व्हर्टरच्या मागच्या, दुसऱ्या सेन्सरचे. बऱ्याच जुन्या गाड्यांत दुसरा सेन्सर नसतोच. असेल तर कुठला बदलायचाय हे खात्री करून ठरवा. चुकीचा सेन्सर बदललेली गाडी मी पाहिली आहे.

मल्टिमीटरनं खात्री

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो सहज मिळतो.

हीटरची तपासणी आधी, कारण ती सोपी. इंजिन थंड, कनेक्टर सुटा. सेन्सरच्या बाजूच्या चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन असतात, त्या हीटरच्या. बॉशच्या सेन्सरला त्या पांढऱ्या असतात, सिग्नल काळी आणि अर्थ करडी. डेन्सोला हीटरच्या दोन काळ्या, सिग्नल निळी, अर्थ पांढरी. हे रंग सेन्सरकडच्या वायरींचे. गाडीकडच्या बाजूला वेगळे असतात. हीटरच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. सेन्सरप्रमाणे साधारण ३ ते १५ ओहमच्या दरम्यान काहीतरी यायला हवं. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली, आणि सेन्सर बदलायचाच. सिग्नलच्या वायरीवर मात्र ओहम कधीही मोजू नका, आणि तिला बॅटरीचे १२ व्होल्ट चुकूनही लावू नका. चांगला सेन्सर तिथेच संपेल.

मग सिग्नल. कनेक्टर परत जोडा, सिग्नलच्या वायरीला कनेक्टरच्या मागच्या बाजूनं बारीक टाचणी सरकवा आणि मीटर २ व्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवा. काळं टोक सिग्नलच्या अर्थला किंवा बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजिन पुरतं गरम होऊ द्या, दहा मिनिटं तरी. हे मोकळ्या जागेतच करा. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवणं जिवावर बेततं, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर २,५०० आरपीएमच्या आसपास धरायला सांगा. आकडा ०.२ च्या खाली आणि ०.७ च्या वर असा दहा सेकंदांत निदान पाच-सात वेळा जाऊन यायला हवा.

आकडा एकाच जागी अडकला तर लगेच निकाल देऊ नका, सेन्सरला दोन प्रश्न विचारा. अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबा : मिश्रण गडद होतं, आकडा ०.८ च्या वर उडी मारायला हवा. मग इनटेकचा एक छोटा व्हॅक्यूम पाइप काढा : जादा हवा आत जाते, आकडा ०.२ च्या खाली घसरायला हवा. दोन्ही वेळा सेन्सर पटकन हलला तर तो जिवंत आहे, बिघाड दुसरीकडे शोधा. सावकाश रांगत हलला किंवा हललाच नाही, तर नवा आणायला निघा.

काही होंडा आणि टोयोटा गाड्यांत साधा ऑक्सिजन सेन्सर नसून एअर-फ्युएल सेन्सर असतो. दिसायला सारखाच, पण त्याचं काम करंटवर चालतं. त्याला ही व्होल्टची परीक्षा लागू नाही आणि एकाच्या जागी दुसरा चालतही नाही.

सेन्सर आणि हत्यारं

सेन्सरच्या धातूच्या अंगावर पार्ट नंबर कोरलेला असतो. त्याचा आणि कनेक्टरचा फोटो काढून दुकानात जा. पुण्याची नाना पेठ असो वा कुर्ल्याचा सीएसटी रोड, नुसतं गाडीचं नाव सांगण्यापेक्षा नंबर दाखवलेला बरा. कनेक्टरसकट मिळणारा सेन्सरच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. ‘युनिव्हर्सल’ प्रकारात जुना कनेक्टर कापून वायरी जोडाव्या लागतात. नवख्याची पहिली चूक तिथेच होते, कारण हात सोल्डरिंगकडे जातो. बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटीतूनच आत मिळते. सोल्डर केलं की ती वाट बुजते. नाइलाजानं युनिव्हर्सल घ्यावाच लागला तर त्यासोबत येणारे क्रिम्प (दाबून बसवायचे) जोड वापरा, आणि कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नका. भंगारातून काढलेला सेन्सर स्वस्त पडतो, पण त्याचं किती आयुष्य उरलंय हे कुणालाच सांगता येत नाही. हीटर असलेला सेन्सर दीड लाख किलोमीटरच्या आसपास टिकतो, बिनहीटरचा ५० ते ८० हजार.

हत्यारांत मुख्य म्हणजे २२ मिलिमीटरचा ऑक्सिजन सेन्सर सॉकेट. त्याच्या एका बाजूला उभी फट असते, वायर त्यातून बाहेर येते. तो नसेल तर चांगल्या प्रतीचा २२ चा रिंग पाना, कनेक्टरवरून ओवून. उघड्या तोंडाच्या पान्यानं सुरुवात करू नका. षटकोनाचे कोपरे एकदा गोल झाले की सकाळचं काम आठवड्यावर जातं. शिवाय लांब दांडा, गंज सोडवणारा स्प्रे, तारेचा ब्रश, जाड हातमोजे, चष्मा. सेन्सर खालून काढावा लागत असेल तर जॅकसोबत दोन मजबूत घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) आणि चाकांना ठोकळे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही.

काढताना

आदल्या रात्री, गाडी पूर्ण थंड असताना, सेन्सरच्या बुडाशी आट्यांवर स्प्रे मारा. गरम मॅनिफोल्डवर कधीच नाही, तो पेट घेऊ शकतो. सकाळी पुन्हा एकदा मारून अर्धा तास थांबा.

मग इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा आणि हातमोजा घालून काम करता येईल इतकं निवू द्या. कोमट असताना मॅनिफोल्डचं भोक थोडं फुगलेलं असतं आणि सेन्सर लवकर सुटतो. कन्व्हर्टरजवळचा भाग तासाभरानंतरही चटका देतो, उघडा हात लावू नका. चावी काढा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. रेडिओला कोड असेल तर तो आधी लिहून ठेवा. कनेक्टरचं कुलूप दाबून तो सोडवा. वायरीला धरून ओढू नका, प्लॅस्टिक जुनं आणि ठिसूळ झालेलं असतं. वायर कुठल्या क्लिपांतून कशी गेलीय याचा फोटो काढा.

आता पाना लावा. सेन्सर घड्याळाच्या उलट दिशेनं सुटतो, पण दिशा वायरीच्या बाजूनं बघून ठरवायची. गाडीखाली उताणं झोपल्यावर भलेभले गोंधळतात आणि सुटायचं सोडून आवळत बसतात. झटके देण्यापेक्षा दांड्यावर ताण हळूहळू वाढवत न्या. ‘कट्’ असा आवाज होऊन तो हलला की इथून पुढे घाई नको. अर्धा आटा सोडवा, पाव आटा परत आवळा, मॅनिफोल्ड निवल्यावर स्प्रे मारा, पुन्हा सोडवा. एकाच दिशेनं जोर लावत राहिलात तर गंजाचे कण आट्यांत अडकतात आणि मॅनिफोल्डचे आटे सोलून सेन्सरसोबत बाहेर येतात. मधेच पाना जड लागला तर तिथेच थांबा, मागे फिरवा.

हललाच नाही तर? जुना सेन्सर फेकायचाच आहे, तेव्हा वायर कापून टाका आणि सहा कोनी खोल २२ चा सॉकेट पूर्ण बसवून बघा. तरीही नाही, तर गॅस असलेल्या वेल्डरकडे गाडी न्या. तो सेन्सरभोवतीचं भोक तापवून दोन मिनिटांत काढून देईल. हातोडीनं ठोकू नका. मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा असतो, त्याला तडा गेला तर खर्च कितीतरी पट वाढतो.

जुना सेन्सर वाचा

बाहेर आलेलं टोक उजेडात धरा. फिकट करडं किंवा तपकिरी असेल तर तो फक्त वयानं थकलाय. काळी, कोरडी काजळी असेल तर मिश्रण गडद चाललंय. गळका इंजेक्टर, तुंबलेला एअर फिल्टर, पेट्रोलमधली भेसळ, काहीही असू शकतं. चमकदार किंवा तपकिरी राखेचा थर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरी, खडूसारखी पूड असेल तर मला काळजी वाटते. एकतर हेड गॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये जातंय, किंवा अलीकडे कुणीतरी इंजिनवर साधा सिलिकॉन सीलंट वापरलाय. त्याची वाफ सेन्सरला कायमचं निकामी करते; ट्यूबवर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलाच सीलंट वापरायचा असतो. मूळ कारण तसंच ठेवून बसवलेला नवा सेन्सर काही महिन्यांत याच रंगाचा होईल. सिरॅमिकला तडा दिसला तर आठवा, पावसात तापलेली गाडी खोल पाण्यातून काढली होती का.

बसवताना

भोकाचे आटे तारेच्या ब्रशनं साफ करा. खराब असतील तर एम १८, १.५ पिचचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हलक्या हातानं फिरवून घ्या. हे माप बहुतेक सेन्सरांना असतं, तरी नव्या सेन्सरशी ताडून बघा. आत पडलेला कीस पुसून काढा.

नवा सेन्सर खोक्यातून काढल्यावर टोकाला बोट लावू नका आणि तो हातातून पडू देऊ नका. फरशीवर पडलेला सेन्सर बाहेरून धड दिसला तरी आतलं सिरॅमिक फुटलेलं असू शकतं. बऱ्याच नव्या सेन्सरांच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट लावलेलीच येते. नसेल तर सेन्सरसाठीची पेस्ट फक्त आट्यांवर, पातळ लावा. टोकाला तिचा ठिपकाही नको.

पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरले पाहिजेत. फिरत नसतील तर सेन्सर तिरका लागतोय, काढून पुन्हा लावा. पाना शेवटी. रिंग पाना वापरत असाल तर आवळताना वायरीला पीळ पडणार नाही हे बघा. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटर, गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा दिला असेल तर तो पाळा. टॉर्क रेंच नसेल तर ३० सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला चौदा-पंधरा किलोचा जोर, एवढा अंदाज ठेवा. कनेक्टर ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबा. वायर फोटोत होती त्याच वाटेनं, त्याच क्लिपांतून न्या. क्लिप तुटली असेल तर उष्णता सोसणारी पट्टी लावा, पण वायर एक्झॉस्टपासून लांब राहिलीच पाहिजे.

सुरू केल्यावर

बॅटरी जोडा, इंजिन सुरू करा आणि सेन्सरच्या बुडाशी फुसफुस ऐकू येते का बघा. स्कॅनर असेल तर जुने कोड पुसा. बॅटरी सोडवल्यामुळे ईसीएम आधीचं शिकलेलं विसरलेला असू शकतो, त्यामुळे पहिला दिवस आयडलिंग थोडं वरखाली झालं तरी घाबरू नका. शहरात आणि हायवेवर मिळून पन्नासेक किलोमीटर फिरवा. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) दिसत असेल तर गरम इंजिनावर तो शून्याच्या आसपास, दहा टक्क्यांच्या आत राहायला हवा. सतत वीस-पंचवीसवर राहिला तर गळती किंवा इंधनाचा बिघाड अजून शिल्लक आहे. सीएनजीवर चालणारी गाडी आधी पेट्रोलवर नीट होऊ द्या, मग गॅसवर तपासा. गॅसवरच बिघडत असेल तर किटच्या ट्यूनिंगवाल्याकडे जा.

जुना सेन्सर लगेच टाकू नका. त्याला गाडीचं नाव, तारीख आणि किलोमीटरची चिठ्ठी बांधून डिकीत ठेवा. एक टाकी पेट्रोल संपल्यावर अ‍ॅव्हरेज काढा, आणि त्या दिवशी गाडी थंड असताना सेन्सरला एकदा पाना लावून तो घट्ट आहे ना, तेवढं बघा.